अडकलेलें पेडल

मोटारींत पायांशीं जीं तीन पेडलें असतात, त्यांपैकीं दोघांचा लौकिक मोठा आहे. एक गाडीला पळवितें, दुसरें तिला थांबवितें. आणि जगांत पळविणारा व थांबविणारा या दोघांचेंच नांव होत असतें. तिसरें जें डाव्या पायाखालीं निमूटपणें बसलेलें असतें, त्या क्लचच्या पेडलाची स्तुति मीं अजून कोणाच्या तोंडून ऐकिलेली नाहीं. माझ्या डाव्या पायानें बावीस वर्षांत तें किती लक्ष वेळां दाबलें असेल याचा हिशेब करूं गेलों तर मीच दमून जाईन. पण त्याच्याविषयीं मीं पहिल्यानें विचार केला तो तें खालीं जाऊन वर आलें नाहीं त्या दिवशीं. आणि त्या दिवशीं त्यावरचा पाय माझा नव्हता, हीच या सगळ्या प्रकरणांतली गोम आहे.

गोष्ट २०१९ च्या जुलै महिन्यांतली. गाडी माझी, १९९७ सालची मारुति आठशें. ही जातीची गाडी १९८३ च्या डिसेंबरांत दिल्लीस प्रथम गिऱ्हाइकाच्या हातीं पडली आणि २०१४ च्या जानेवारींत तिचें उत्पादन थांबलें. मधल्या तीस वर्षांत आमच्यासारख्या पगारदारांच्या दारांत पहिली मोटार म्हणून जी उभी राहिली ती बहुधा हीच. तीन सिलिंडरांचें, ७९६ सी. सी. चें तें चिमुकलें एंजिन पुण्याहून साताऱ्याला येतांना खंबाटकीचा घाट चढूं लागलें, म्हणजे आपण खालीं उतरून त्याला थोडा हात द्यावा असें मला नेहमीं वाटे. पण त्यानें तशी वेळ कधीं आणिली नाहीं. मी मुख्याध्यापक होतों तेव्हां ती घेतली, निवृत्त झालों तरी ठेविली. नोंदणीचीं पंधरा वर्षें भरलीं तेव्हां तपासणी करून मुदत वाढविली, पुन्हां पांच वर्षांनीं वाढविली. माझ्या स्वतःच्या प्रकृतीची तपासणी मीं इतक्या नियमितपणें केलेली नाहीं.

त्या वर्षीं माझ्या भाचीला कासच्या बाजूच्या एका गांवीं शाळेंत नोकरी लागली. जायला एस. टी. होती, पण ती सकाळीं फार लवकर जाई आणि संध्याकाळीं फार उशिरां येई. ही गाडी भाचीलाच देऊन टाकावी असें मीं ठरविलें. तिनें रीतसर शिकून परवाना काढला होता. आतां घाटाचा सराव तेवढा हवा होता, आणि तो देण्याचें काम माझ्याकडे आलें. चाळीस वर्षें मुलांना शिकविलेल्या माणसाला शिकविण्याची संधि मिळाली म्हणजे त्याला किती स्फुरण चढतें हें सांगायला नकोच.

पहिल्याच आठवड्यांत ती म्हणाली होती, "मामा, क्लच फार जड लागतो."

"क्लच जड नाहीं, तुझा पाय हलका आहे," मी म्हणालों, आणि स्वतःच्या विनोदावर मीच हंसलों. पुढें तिनें तो विषय काढला नाहीं.

यवतेश्वरचा घाट ज्यांनीं पावसाळ्यांत पाहिला आहे त्यांना तेथली वळणें आणि धुकें ठाऊक असेल. एका वळणावर समोरून एस. टी. आली. भाचीनें गाडी डावीकडे घेऊन थांबविली, बस जाऊं दिली, क्लच दाबून पहिला गिअर टाकला आणि पाय हळूच वर घेतला. गाडी हलली नाहीं. एंजिन मात्र ओरडूं लागलें. आणि मग, ज्या दिशेला आम्हांला जायचें होतें तिच्या नेमकी उलट दिशेला, गाडी सावकाश सरकूं लागली.

"पाय काढ! क्लचवरचा पाय काढ!" मी ओरडलों.

"काढलाय, मामा."

मीं खालीं पाहिलें. तिचा डावा पाय खरोखरच बाजूला होता आणि पेडल एकटेंच खालीं बसलें होतें. जणूं एखादा अदृश्य पाय त्यावर दाबून धरलेला आहे! तोंपर्यंत तिनें ब्रेक दाबला होता, हातब्रेक ओढला होता, एंजिन बंद केलें होतें. ती खालीं उतरली, रस्त्याच्या कडेचे दोन दगड आणून मागच्या चाकांखालीं ठेविले आणि वळणाच्या अलीकडे जाऊन खालून येणाऱ्या गाड्यांना हात करीत भिजत उभी राहिली. जें जें करायला हवें तें तें तिनें केलें. मीं काय केलें म्हणाल तर बोललों. क्लचवर पाय ठेवून गाडी चालविण्याची संवय कशी वाईट असते, त्यानें क्लच कसा जळतो, बावीस वर्षांत मीं हा क्लच कसा जपला आणि तिनें तीन महिन्यांत त्याचें कसें वाटोळें केलें, हें सारें मीं तिला ऐकविलें. दोन मोटारसायकलवाले मदतीला थांबले होते; त्यांनींही तें ऐकलें. त्यांतला एक जण तिच्याकडे पाहून हंसला, तेव्हां मला थांबायचें सुचायला हवें होतें.

रात्रीं क्रेननें गाडी घरीं आणिली. भाचीनें किल्ली टेबलावर ठेविली आणि म्हणाली, "मी एस. टी. नंच जाईन, मामा." तिच्या स्वरांत राग नव्हता. राग असता तर मीं समजूत तरी घातली असती.

दुसऱ्या दिवशीं एका मोठ्या गॅरेजाचा माणूस आला. त्यानें पेडल बोटानें वर ओढलें, पायानें दोनदां दाबलें आणि बोनेट न उघडतांच सांगितलें, "क्लच सेट गेला. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, सगळं नवीन. गिअरबॉक्स उतरवावा लागेल." मग आंत पाहून हलक्या आवाजांत त्यानें विचारलें, "मॅडम शिकतायत का?" मला तो माणूस फार हुषार वाटला. आपल्या रागाला आधार देणारें निदान कोणीं केलें, म्हणजे पुरावा मागण्याची आपल्याला आठवणच होत नाहीं. त्यानें लिहून दिलेला खर्चाचा आंकडा गाडीच्या वयाला न शोभणारा होता, तरी मी होकार देण्याच्या बेतांत होतों. पत्नीनें तो कागद चष्मा लावून दोनदां वाचला आणि विचारलें, "अहो, उतरवायच्या आधीं कोणी उघडून बघितलं का?"

म्हणून तिसऱ्या दिवशीं मिस्त्री आले. वय माझ्याएवढेंच, खांद्याला पान्ह्यांची कापडी पिशवी. मीं त्यांना सारी हकीकत माझ्या पद्धतीनें, म्हणजे निष्कर्षासकट, सांगितली. त्यांनीं ती ऐकून घेतली आणि विचारलें, "गाडी चालवत कोण होतं, सर?"

"भाची. शिकाऊ आहे."

"मग त्यांनाच बोलवा की."

भाची आली. मिस्त्री तिला प्रश्न विचारूं लागले आणि मी बाजूला उभा राहून ऐकूं लागलों. पेडल पहिल्यापासून जड होतें कीं मागाहून झालें? पहिल्यापासूनच, ती म्हणाली. पण गेल्या पंधरवड्यांत फारच. दाबतांना कसें लागे? तळाशीं वाळू असल्यासारखें, करकर. सोडतांना? पाय आधीं वर येई, पेडल मागून. पाऊस असला म्हणजे अधिक? हो. गिअर पडतांना आवाज? नाहीं. चढावर एंजिन ओरडतें पण गाडी ओढत नाहीं, असें त्या दिवसापूर्वीं कधीं झालें होतें का? जळका वास आला होता का? नाहीं, कधींच नाहीं.

"मग प्लेट जळलेली नाही," मिस्त्री म्हणाले. "जळती तर आधी सांगती."

हें सारें तिला तीन महिने ठाऊक होतें. तिला विचारणारा कोणी भेटला नव्हता इतकेंच.

मिस्त्रींनीं प्रथम पेडलाखालची चटई उचलून पाहिली. ती मीं पाहिलेली आहे असें मीं थोड्या घुश्शांतच सांगितलें. ते म्हणाले, "बघायची. एका गाडीत पेडलखाली लिंबू निघालं होतं. पूजेचं. चाकाखाली ठेवायचं ते मालकांनी आत ठेवलं, आणि घरंगळलं." नंतर त्यांनीं पेडलाच्या बुडाशीं असलेली बारीक स्प्रिंग दाखविली. ती खरोखरच ताणून सैल झाली होती. मला वाटलें, सांपडलें! पण ते मान हलवून म्हणाले, "ही फक्त पेडलचं वजन उचलती, सर. तुमचा पाय उचलणारी स्प्रिंग आत आहे."

येथें मला कबूल केलें पाहिजे कीं, क्लच म्हणजे काय हें मला त्या दिवशीं समजलें. तोंवर मी असें धरून चाललों होतों कीं, पेडल दाबलें म्हणजे क्लच काम करूं लागतो. प्रकार नेमका उलट आहे. एंजिनाबरोबर फिरणारें जड चाक आणि गिअरबॉक्साकडे जाणारा दांडा यांच्यामध्यें क्लचची तबकडी असते, आणि बशीच्या आकाराची एक जबरदस्त स्प्रिंग तिला त्या चाकावर सदा दाबून धरते. कोणीं कांहीं केलें नाहीं म्हणजे क्लच आपलें काम करीत असतो. आपण पेडल दाबतों तें त्याला क्षणभर सोडविण्यासाठीं. पाय उचलला कीं ती बशी पुन्हां तबकडीला कवटाळते आणि त्याच नेटानें पेडलालाही वर आणते. तेव्हां पेडल वर आलें नाहीं तर दोनच शक्यता: ढकलणारी बशी आंत मोडली, किंवा ती ढकलते आहे पण तिचा ढकला पायापर्यंत पोंचत नाहीं.

पुष्कळ गाड्यांत हा निरोप तेलाच्या नळीनें जातो. तेथें असा दोष आला तर आधीं तेलाची पातळी पाहावी, गळती शोधावी, नळींत हवा शिरली आहे का हें पाहावें. पेडल दोनचार वेळां भराभर दाबल्यावर तें उचलूं लागलें तर हवेचा किंवा तेलाचा संशय घ्यावा. आमच्या गाडींत तेलाचा संबंध नाहीं. तेथें एक तार आहे. बाहेर गुंडाळलेल्या तारेची लवचीक नळी आणि तिच्या आंतून सरकणारी पिळाची तार. सायकलच्या ब्रेकला असते तीच. बोडेन नांवाच्या आयरिश गृहस्थानें तिचें पेटंट १८९६ सालीं घेतलें. ओढ वळणावरून न्यायची, कोपऱ्यावरून न्यायची, आणि तरी ती दुसऱ्या टोंकाला जशीच्या तशी पोंचवायची, ही त्या साध्या वस्तूची करामत आहे. मात्र तिची एकच मागणी असते: वळण ऐसपैस असावें.

मिस्त्री बोनेट उघडून वांकले. गिअरबॉक्सावर क्लचची लहानशी लिव्हर बाहेर आलेली असते. तारेचें टोंक तेथें एका नटानें धरलेलें असतें. त्यांनीं भाचीला जवळ बोलाविलें आणि लिव्हरकडे पाहत राहायला सांगितलें. नट सैल होऊं लागला. एक आटा, दोन आटे, आणि एकदम टक् असा आवाज करून लिव्हर आपल्या जागीं परत गेली. तीन दिवस कोणीतरी दंड धरून ठेविलेला माणूस सुटावा तशी ती गेली.

"आतलं सगळं शाबूत आहे," मिस्त्री म्हणाले. "गिअरबॉक्सला हात लावायचं कारण नाही." लिव्हर त्यांनीं हातानें ओढून पाहिली, ती तितक्याच जोरानें परत आली. मग त्यांनीं भाचीला पेडल हातानें दाबायला सांगितलें. दुसऱ्या टोंकाला आतां कांहींच ओझें नव्हतें, तरी पेडल करकरत खालीं गेलें आणि तेथेंच राहिलें. शेवटीं त्यांनीं तारेचें पेडलाकडचेंही टोंक सोडविलें. पेडल झोंपाळ्यासारखें मोकळें हालूं लागलें. एका टोंकाला लिव्हर निर्दोष, दुसऱ्या टोंकाला पेडल निर्दोष. उरली मधली तार. या सगळ्याला दहा मिनिटें लागलीं, आणि एकही वस्तु तोपर्यंत विकत आणावी लागली नव्हती. मीं आयुष्यभर भूमितीचे सिद्धान्त फळ्यावर लिहिले, पण इतकी स्वच्छ सिद्धता क्वचितच लिहिली असेल.

तार काढतांना एके ठिकाणीं अडली. मिस्त्रींनीं हात खोल घालून चांचपलें, विजेरी मागितली आणि मग सरळ उभे राहून विचारलें, "सर, ही बाइंडिंग वायर कुणी बांधली?"

प्रश्न साधा होता. त्याचें उत्तर मला ठाऊक होतें, आणि उत्तर देण्यापूर्वीं मीं जो अवधि घेतला तो फार लांबला हें मला तेव्हांही जाणवत होतें.

आदल्या वर्षीं, थंडीच्या दिवसांत, गाडीचा हॉर्न फार बारीक झाला होता. घाटांत वळणावर ऐकूं जाईना. मीं बाजारांतून एक खणखणीत हॉर्न आणिला आणि पैसे वांचविण्यासाठीं स्वतःच बसविला. त्याची लोंबती तार कुठें अडकवावी हा प्रश्न पडला, तेव्हां समोरून जाणाऱ्या एका काळ्या जाड नळीला ती बांधली आणि दोन्ही मिळून पत्र्याच्या एका कडेशीं बाइंडिंग वायरनें आवळल्या. पक्कडीनें चांगले चार पीळ दिले. काम पक्कें झालें म्हणून घरांत येऊन चहा मागितला. ती काळी नळी कशाची, हा प्रश्न माझ्या मनांत आला नव्हता.

मिस्त्रींनीं तार बाहेर काढली. जेथें मीं पीळ दिले होते तेथें नळी काटकोनांत मोडली होती. एंजिनाच्या प्रत्येक थरथरीबरोबर ती पत्र्याच्या कडेवर घांसत गेली, तिचें वरचें आवरण फाटलें, पावसाचें पाणी आंत शिरलें. मिस्त्रींनीं आंतली तार ओढली तेव्हां तांबूस गंजाची पूड ओट्यावर पडली. त्या मोडीपाशीं तारेचे निम्म्याहून अधिक धागे तुटून सुयांसारखे उभे राहिले होते. ओढतांना ते करकरत पुढें जात. परत येतांना, गवताचें कुसळ धोतरांत रुततें तसे, नळीच्या आंतल्या बाजूला रुतून बसत. एकेक धागा तुटत होता त्या सगळ्या महिन्यांत क्लच जड होत होता. माझा पाय त्या जडपणाला रोज थोडा थोडा सरावत गेला. भाचीचा पाय नवा होता म्हणून त्याला तो कळला.

"मीं बांधली," मी म्हणालों.

मिस्त्री कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं पिशवींतून चिंधी काढून हात पुसले. भाची त्या तारेकडे पाहत होती. त्या घाटांत मी जें बोललों होतों त्यांतलें प्रत्येक वाक्य आतां मला आठवत होतें, आणि त्यांतलें कोणतें प्रथम परत घ्यावें हें समजत नव्हतें. शेवटीं मीं जें म्हटलें तें फार अपुरें होतें. मी म्हणालों, "त्या दिवशीं तुझी कांहींच चूक नव्हती. दगडसुद्धां तूंच लावलेस."

"हॉर्न मात्र चांगला आहे, मामा," ती म्हणाली, "ऐकू लांब जातो." आणि मिस्त्रींकडे वळून तिनें विचारलें, "मग आता हॉर्नची वायर कुठून न्यायची?"

नवी तार त्याच दुपारीं मिळाली. तिची किंमत त्या गॅरेजवाल्याच्या कागदावरच्या आंकड्यापुढें सांगण्यासारखी नाहीं. मिस्त्रींनीं ती पूर्वीच्याच मार्गानें, पण मोठें गोल वळण देऊन नेली, पेडलाची सैल स्प्रिंग बदलली, खिळीला ग्रीस दिलें आणि नट आंवळतांना पेडलावर बोटभर मोकळी चाल ठेविली. ती चाल अजिबात न ठेविली तर क्लच अर्धवट सुटलेला राहतो आणि मग खरोखरच जळतो, हें त्यांनीं भाचीला समजावून सांगितलें; मलाही ऐकूं येईल अशा आवाजांत सांगितलें. नट शेवटीं तिनेंच आंवळला. मीं पेडल दाबून पाहिलें. तें इतकें हलकें खालीं गेलें कीं, माझा पाय एकदम तळाला आपटला.

किल्ली तीन दिवस टेबलावरच पडून होती. मीं ती उचलून तिच्यापुढें धरली तेव्हां तिनें ती लगेच घेतली नाहीं. "रविवारी बघू," म्हणाली. ते चार दिवस ती एस. टी. नेंच गेली.

रविवारीं पाऊस होताच. यवतेश्वरच्या घाटांत त्याच वळणावर तिनें गाडी मुद्दाम थांबविली. समोरून कांहीं येत नव्हतें. तिनें हातब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला, एंजिनाला थोडी गति दिली. मी तिच्या डाव्या बाजूस बसलों होतों. धुकें एवढें दाट होतें कीं, खालचा रस्ता दिसत नव्हता, पण तो किती खालीं आहे हें मला ठाऊक होतें. माझा डावा पाय माझ्या नकळत पुढच्या पत्र्यावर जोरानें दाबला गेला.

तिनें समोरची नजर न काढतां म्हटलें, "मामा, पाय काढा."